खुर्ची म्हणजे वतन नव्हे

१० नोव्हेंबर २०२५ ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने किम डेव्हिस या बाईंचा अर्ज कुठलंही कारण न देता फेटाळला आणि दहा वर्षं गाजत असलेली त्यांची लढाई जवळपास संपली. आपल्याकडे या बातमीवर फारशी चर्चा झाली नाही. व्हायला हवी होती, असं मला वाटतं, कारण प्रश्न अमेरिकेचा असला तरी दुखणं आपल्या ओळखीचं आहे. सरकारी खुर्चीवर बसलेला माणूस "माझ्या धर्मात हे बसत नाही" म्हणून तुमचं काम नाकारू शकतो का?

आधी घटना सांगतो, कारण खरी गोष्ट तपशिलात आहे.

केंटकी राज्यात रोवन नावाची काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपला लहानसा जिल्हा समजा. तिथली काउंटी क्लार्क म्हणजे साधारण आपल्याकडच्या निबंधकासारखं पद, फक्त तिथे ते निवडणुकीने भरतात. लग्नाचं लायसन्स याच ऑफिसातून मिळतं. २६ जून २०१५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की समलिंगी जोडप्यांनाही लग्नाचा अधिकार आहे. डेव्हिसबाई कट्टर ख्रिश्चन. असल्या लायसन्सवर माझं नाव जाणार नाही, म्हणाल्या. पण फक्त समलिंगी जोडप्यांना नाकारलं तर सरळसरळ भेदभाव दिसतो, म्हणून त्यांनी सगळ्यांनाच लायसन्स देणं बंद केलं. मुलगा-मुलगी आले तरी नाही! कुणाच्या अधिकारात नाही म्हणताय, असं एका जोडप्याने विचारल्यावर उत्तर आलं, देवाच्या.

१२ ऑगस्टला फेडरल न्यायाधीश डेव्हिड बनिंग यांनी आदेश दिला की काम सुरू करा. बाईंनी ऐकलं नाही. ३ सप्टेंबरला कोर्टाचा अवमान म्हणून त्यांची रवानगी तुरुंगात झाली. पाच दिवस आत होत्या. त्या आत असताना ऑफिसातल्या सहापैकी पाच उपक्लार्कांनी सांगितलं की आम्ही लायसन्स देतो, आणि दिलीही. सहावा नाही म्हणाला. तो त्यांचा मुलगा होता.

आता हे वाचा. डेव्हिसबाईंच्या आधी त्या खुर्चीवर कोण होतं? त्यांची आई. ३७ वर्षं. आईच्या हाताखाली मुलीने वीसहून जास्त वर्षं काम केलं, आई निवृत्त झाल्यावर मुलगी निवडून आली, आणि मुलीच्या हाताखाली नातू लागला. निवडणूक रीतसर झाली होती, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तीन पिढ्या एका टेबलाभोवती फिरल्या की टेबल घरचं वाटायला लागतं. मराठीत याला नेमका शब्द आहे. वतन.

आणि वतन म्हटलं की आपल्याला कोल्हापूर आठवायला हवं.

वेदोक्त प्रकरण शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं, पण ते "जातीचा अपमान" एवढ्यावरच संपवलं जातं. त्याची दुसरी बाजू प्रशासनाची आहे. राजोपाध्ये हे दरबारचे पुरोहित. त्या कामासाठी त्यांच्या घराण्याला इनाम होतं, उत्पन्न होतं. शाहू महाराजांचे विधी वेदोक्त मंत्रांनी करायला त्यांनी नकार दिला. कारण धार्मिकच होतं. त्यांच्या मते महाराजांना वेदोक्ताचा अधिकार नव्हता, पुराणोक्तच चालेल. महाराजांनी एका दिवसात फटकारलं नाही. समज दिली, वेळ दिला, समिती नेमली आणि १९०२ मध्ये वतन जप्त केलं. टिळकांनी केसरीतून राजोपाध्यांच्या बाजूने लिहिलं, राजोपाध्ये ब्रिटिश सरकारपर्यंत दाद मागायला गेले. उपयोग झाला नाही.

महाराजांनी नेमकं काय केलं हे नीट बघा. त्यांनी राजोपाध्यांना बळजबरीने मंत्र म्हणायला लावलं नाही. म्हणजे श्रद्धेला हात लावला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की ज्या कामासाठी वतन आहे ते काम करायचं नसेल तर वतनही राहणार नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी एका संस्थानिकाला जे कळलं ते २०१५ च्या अमेरिकेत समजावून सांगायला तुरुंगाची पायरी चढावी लागली.

खरं तर राजोपाध्यांची बाजू डेव्हिसबाईंपेक्षा थोडी भक्कम होती. मंत्र म्हणणं हे धार्मिक कामच आहे. लायसन्सवर सही करणं हे धार्मिक काम नाही. लायसन्स देणारा क्लार्क लग्न "लावत" नाही, आशीर्वाद देत नाही. वय किती, आधीचं लग्न आहे का, कागद बरोबर आहेत का, एवढं तपासतो. त्याची सही म्हणजे "मला हे लग्न मान्य आहे" असं नसतं. "कायद्याने हे लग्न होऊ शकतं" एवढाच तिचा अर्थ. ती सही माणसाची नाही, खुर्चीची आहे. उद्या माणूस बदलला तरी सहीचा अर्थ तोच राहतो.

म्हणूनच भटजी, काझी आणि पाद्री यांना मी या चर्चेतून बाहेर ठेवतो. त्यांना "नाही" म्हणायचा पूर्ण हक्क आहे. अमेरिकेतही कुठल्याही चर्चला असं लग्न लावायची सक्ती नाही. भटजी नाही म्हणाला तर दुसरा भटजी मिळतो. कुणीच नाही मिळाला तर भटजीशिवायही लग्न लागतं, हे जोतीरावांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढून दाखवून दिलं. पण सरकारने नाही म्हटलं तर दुसरं सरकार कुठून आणायचं? त्या गल्लीत एकच दुकान आहे.

डेव्हिसबाईंच्या वकिलांनी यावर उत्तर दिलं होतं की शेजारच्या काउंटीत जा, गाडीने जाण्याइतकंच अंतर आहे. आपल्यापैकी ज्यांच्या आजी-आजोबांना "तुमच्यासाठी पाणवठा वेगळा आहे, तिकडे जा" असं ऐकावं लागलं, त्यांना या वाक्याची चव वेगळी समजावून सांगायची गरज नाही. पाणी दुसरीकडेही मिळतं, हा मुद्दाच नसतो. इथे का नाही, हा मुद्दा असतो.

कुणी म्हणेल, पण श्रद्धा प्रामाणिक होती ना? असेलही. बाईंची स्वतःची चार लग्नं झाली होती, यावरून लोकांनी त्यांची भरपूर टिंगल केली. मला ती टिंगल फालतू वाटते. श्रद्धा खरी की खोटी हे मोजायचं यंत्र ना कोर्टाकडे आहे ना माझ्याकडे. मी धरून चालतो की ती शंभर टक्के खरी होती. तरीही उत्तर बदलत नाही.

कारण खरी श्रद्धा याआधीही खुर्चीवर बसलेली आहे. १९५८ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचर्ड आणि मिल्ड्रेड लव्हिंग यांनी वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं. तो गोरा, ती कृष्णवर्णीय. त्यांच्या राज्यात हा गुन्हा होता. त्यांच्या खटल्यात न्यायाधीश लिऑन बेझिल यांनी लिहिलं की देवाने वेगवेगळे वंश वेगवेगळ्या खंडांवर ठेवले, म्हणजे त्यांची सरमिसळ व्हावी असं त्याच्या मनात नव्हतं. हे कुणा पाद्र्याचं प्रवचन नव्हतं, न्यायालयाचा निकाल होता. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असले कायदे रद्द केले. आज अमेरिकेत कुणी क्लार्क "देवाने खंड वेगळे केले" म्हणून लायसन्स अडवू लागला तर कट्टरातला कट्टर माणूसही त्याच्या बाजूने उभं राहताना दहादा विचार करेल. पण तर्क तोच आहे, फक्त समोरचं जोडपं बदललंय. आपल्याकडे "खंड" काढून "जात" घाला, वाक्य जसंच्या तसं चालतं.

आता विरोधी बाजूचं सगळ्यात चांगलं उदाहरण घेऊ. ते डेव्हिसबाईंचं नाही.

लंडनच्या इस्लिंग्टन भागात लिलियन लाडेल नावाच्या निबंधक होत्या. २००२ मध्ये त्या पदावर आल्या तेव्हा ब्रिटनमध्ये समलिंगी जोडप्यांची नोंदणीच नव्हती. डिसेंबर २००५ मध्ये ती सुरू झाली. लाडेलबाई ख्रिश्चन, त्यांना ते पटेना. त्यांनी आरडाओरडा केला नाही, काउंटरवर कुणाला परत पाठवलं नाही. सुरुवातीला सहकाऱ्यांशी ड्यूटी बदलून घेत राहिल्या. पुढे दोन सहकाऱ्यांनी तक्रार केली, कौन्सिलने शिस्तभंगाची कारवाई केली, आणि हे प्रकरण थेट युरोपियन मानवी हक्क न्यायालयात गेलं. जानेवारी २०१३ मध्ये ५ विरुद्ध २ मतांनी त्या हरल्या.

त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे. नोकरीत आल्यावर नोकरीचं स्वरूप बदललं, हे खरं आहे. आणि कुठलंही जोडपं त्यांच्यामुळे परत गेलं नाही, हेही खरं आहे. माझं मत असं की ऑफिसात आतल्या आत, काउंटरवरच्या माणसाला पत्ता न लागता, त्याला एका मिनिटाचाही उशीर न होता ड्यूटी बदलता येत असेल तर साहेबाने बदलावी. त्यात माणुसकी आहे. कॅनडात सस्कॅचवान प्रांताच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये विवाह आयुक्तांना धर्माच्या कारणाने नकाराची मुभा देणारा कायदा घटनेत बसत नाही असं सांगितलं, पण याच प्रकारच्या व्यवस्थेची शक्यताही चर्चेत आली. अर्ज एकाच खिडकीवर घ्या, आत कोण करतंय ते तुम्ही बघा.

केंटकीनेही शेवटी असंच काहीतरी केलं. २०१६ मध्ये कायदा करून लायसन्सच्या फॉर्मवरून क्लार्कचं नावच काढून टाकलं. नागरिकाला लायसन्स मिळालं, क्लार्कच्या मनाचीही सोय झाली. उत्तम. पण ही सोय म्हणजे व्यवस्थेने दिलेली सवलत झाली. हक्क नव्हे. जिथे खिडकी एकच आणि माणूसही एकच, तिथे सवलत द्यायला जागा उरत नाही. आणि आपल्याकडच्या बहुतेक तालुक्यांत परिस्थिती हीच आहे.

फ्रान्समध्ये २०१३ मध्ये समलिंगी विवाहाचा कायदा झाला. तिथे लग्न महापौर लावतो. काही महापौरांनी सदसद्विवेकाची सूट मागितली. त्यांच्या घटना परिषदेने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ती नाकारली. म्हणजे वेगवेगळे देश, वेगवेगळे कायदे, पण उत्तर साधारण एकाच जागी येतंय.

"मग गांधीजींचा सत्याग्रह काय होता? कायदा मोडणंच ना?" हा प्रश्न येणारच. डेव्हिसबाईंच्या समर्थकांनीही त्यांना सत्याग्रही ठरवलं होतं. मी यासाठी एकच साधी कसोटी वापरतो. किंमत कोण मोजतंय?

सुभाषबाबूंना इंग्रजांची नोकरी पटेना, त्यांनी १९२१ मध्ये आयसीएसचा राजीनामा दिला. चिंतामणराव देशमुखांना मुंबईबाबतचं केंद्राचं धोरण पटेना, त्यांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडलं. १९४० मध्ये लिथुआनियात जपानचे वाणिज्यदूत चिउने सुगिहारा यांनी वरिष्ठांचे हुकूम बाजूला ठेवून ज्यू निर्वासितांना दोन हजारांवर व्हिसा दिले आणि हजारो जीव वाचले. या तिघांनीही मनाचं ऐकलं. पहिल्या दोघांनी खुर्ची सोडली. तिसऱ्याने खुर्चीवर बसून हुकूम मोडला, पण समोरच्या माणसाला काहीतरी देण्यासाठी, आणि धोका स्वतःवर घेतला. डेव्हिसबाईंनी खुर्चीही ठेवली, वर्षाला ८० हजार डॉलर पगारही ठेवला, आणि किंमत मोजायला लावली खिडकीबाहेरच्या जोडप्यांना. पाच दिवस तुरुंगात गेल्या हे मान्य. पण राजीनाम्याचा दरवाजा पहिल्या दिवसापासून उघडा होता.

पुढे बिलही आलं. सुरुवातीच्या खटल्यात जिंकलेल्या जोडप्यांच्या वकिलांची फी, सव्वादोन लाख डॉलरच्या आसपास, न्यायाधीशांनी केंटकी राज्याला भरायला लावली. म्हणजे करदात्यांना. नंतर दुसऱ्या एका जोडप्याच्या दाव्यात २०२३ मध्ये ज्युरीने दोघांना प्रत्येकी ५० हजार डॉलर भरपाई मंजूर केली, ती मात्र बाईंच्या अंगावर आली. वकिलांची फी धरून हा आकडा साडेतीन लाखांच्या वर गेला. मधल्या काळात, २०१८ मध्ये, त्या निवडणूकही हरल्या. २०२५ चा अर्ज याच भरपाईविरुद्ध होता.

याची उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. सरकारने कर्मचाऱ्याकडून त्याचं काम मागावं, त्याची भक्ती मागू नये. ऑफिसात सत्यनारायण आहे म्हणून मुसलमान किंवा नास्तिक कारकुनाला पूजेला बसवत असतील तर त्याने खुशाल नाही म्हणावं, कारण पूजा हे त्याचं काम नाही. या मुद्द्यावर आपल्याकडे ताजं प्रकरण आहे ते लष्करातल्या एका ख्रिश्चन लेफ्टनंटचं. तो जवानांबरोबर मंदिर-गुरुद्वाराच्या संचलनाला जायचा, पण पूजेच्या वेळी गाभाऱ्यात जायला त्याने नकार दिला. २०२१ मध्ये बडतर्फ झाला. दिल्ली उच्च न्यायालयाने आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला दिलासा दिला नाही. लष्कराची शिस्त आणि पलटणीची एकी हा मुद्दा हलका नाही. तरीही मला ते प्रकरण अस्वस्थ करतं. त्याने कुणाचा हक्क अडवला नव्हता. त्याच्याकडे जे मागितलं जात होतं ते स्वतःच एक धार्मिक कृत्य होतं. ही दोन प्रकरणं एकाच टोपलीत टाकणं चूक आहे.

आता आपल्या दाराशी येऊ.

आपल्याकडे समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ ला तो विषय संसदेकडे सोपवला. पण आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. विवाह अधिकाऱ्याकडे नोटीस द्यायची, ती ऑफिसात लावली जाते, ३० दिवस थांबायचं, मग तीन साक्षीदारांसमोर लग्न. आक्षेप घेता येतो तो फक्त वय, आधीचं लग्न, निषिद्ध नातं, मानसिक अवस्था अशा कायद्यात दिलेल्या कारणांवर. मुलगा २१, मुलगी १८ पूर्ण असेल तर "आई-वडिलांची संमती" हे शब्द त्या कायद्यात कुठेही नाहीत.

मी काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या अशा लग्नाला साक्षीदार होतो. ऑफिसचं नाव सांगत नाही, कारण ते कुठलंही असू शकतं. नोटीस द्यायला गेलो तेव्हा टेबलावरच्या साहेबांनी कागद बघितले, दोन्ही आडनावं बघितली, आणि चष्मा काढून मुलीला म्हणाले, "ताई, घरी माहितीये का? एकदा वडिलांना घेऊन या, मग बघू." कागद पूर्ण होते. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा साहेब मीटिंगला. तिसऱ्यांदा सर्व्हर डाऊन. चौथ्या वेळी ओळखीच्या एका वकिलाला बरोबर नेलं तर दहा मिनिटांत नोटीस स्वीकारली गेली. साहेब वाईट नव्हते. निघताना मुलीला म्हणाले, "मलाही मुलगी आहे, काळजीपोटी बोललो."

हीच आपली किम डेव्हिस आहे. फरक इतकाच की ती बाई कॅमेऱ्यासमोर "देवाच्या अधिकारात" म्हणाली, म्हणून तिला कोर्टात खेचता आलं. आपल्याकडे कुणी "नाही" म्हणतच नाही. "उद्या या" म्हणतात. नकाराचा कागदच नाही तर अपील कशावर करणार? आणि हा उशीर निरुपद्रवी नसतो. घरातून निघालेल्या मुलीसाठी एकेक दिवस धोक्याचा असतो. त्यात नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीसच रद्द होते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नुसतं टोलवत राहिलं तरी काम तमाम.

म्हणून माझं म्हणणं अमेरिकेपेक्षा इथल्यासाठी जास्त आहे. "उद्या या" ऐकलं की शांतपणे म्हणा, "साहेब, नाही म्हणताय तर कारणासकट लेखी द्या." अर्जाची पोच घ्या, तारीख-शिक्क्यासकट. महाराष्ट्रात २००५ चा दफ्तर दिरंगाई कायदा आहे. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे. या दुसऱ्या कायद्याखाली अधिसूचित सेवा नाकारायची तर कारण लेखी द्यावं लागतं, त्यावर पहिलं अपील, दुसरं अपील, मग आयोग, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. रक्कम छोटी आहे, पण कागदावर नाव येतं, आणि सरकारी नोकरीत त्याचीच भीती जास्त असते.

साहेबांनी घरी देवपूजा करावी, नमाज पढावा, रविवारी चर्चला जावं. आंतरजातीय लग्न पाप वाटत असेल तर स्वतःच्या मनात वाटू द्यावं, मी त्यात ढवळाढवळ करणार नाही. पण सकाळी पावणेदहाला खुर्चीवर बसल्यावर समोर येणारा माणूस त्यांच्या धर्माचा, जातीचा, पसंतीचा असायला हवा असं नाही. पगार त्या प्रत्येकाच्या खिशातून येतो. आणि मन फारच खात असेल तर राजीनाम्याचा अर्ज साध्या कोऱ्या कागदावर लिहिता येतो. त्याला ३० दिवसांची नोटीस बोर्डावर लावावी लागत नाही, आणि आई-वडिलांना घेऊन या असंही कुणी म्हणत नाही.